टेबलावर न सापडलेली पुस्तकं

एकोणिसावा रॅक काढून टाकावा असं मीच लिहिलं होतं. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं. चाळीस पानांचा अहवाल, त्यात आलेख, तक्ते, रंगीत चौकोन, आणि शेवटच्या पानावर माझी सही, खाली ‘ग्रंथपाल’ असा शिक्का. वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय मी सव्वीस वर्षं सांभाळतेय. माझ्या अहवालात चूक काढायची कुणाची टाप नव्हती. माझी स्वतःचीही नव्हती, हाच घोळ झाला.

आधी मोजणी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुस्तक वापरलं जातंय की नुसतीच जागा अडवून बसलंय, हे दोन गोष्टींवरून ठरतं. एक, ते किती वेळा घरी नेलं. दुसरं, ते इथेच बसून किती वेळा वाचलं. घरी नेलेलं संगणकाला कळतं. इथे वाचलेलं कळावं म्हणून आमच्याकडे पाटी आहे: ‘वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवा, परत रॅकमध्ये लावू नका.’ मग दिवसातून तीनदा आमच्या मावशी ढकलगाडी घेऊन फिरतात, टेबलावरची पुस्तकं गोळा करतात, बारकोड टिपतात आणि जागेवर लावतात. टेबलावर सापडलं म्हणजे वाचलं. साधा हिशोब.

या साध्या हिशोबानं दोन वर्षांत हृदयविकाराच्या रॅकला अकराशे वाचनं मिळाली, बालरोगाला नऊशे. एकोणिसाव्या रॅकला मिळाली चार. तीनशे अठरा पुस्तकं आणि चार वाचनं! तीही हाडांच्या डॉक्टरांनी चुकून नेलेली असावीत.

एकोणिसावा रॅक म्हणजे कृत्रिम हातपायांचा. मागच्या आवारात कार्यशाळा आहे, तिथे पाय बनतात, हात बनतात, पाठीचे पट्टे बनतात, आणि ते बनवायला शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही चालतो. वर्षाला बारा मुलंमुली. शिकवायला एकच माणूस, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पन्नाशीचे, उंच, थोडे वाकून चालणारे. बोलणं इतकं हळू की समोरच्यानं कान पुढे करावा.

अहवालात मी आकडा दिला आणि थांबले नाही. रॅक प्रत्यक्ष बघून आले आणि लिहिलं, ‘पुस्तकांवर व कप्प्यांवर धुळीचा थर आढळला.’ मला फार समाधान वाटलं होतं ते वाक्य लिहून. आकडा खोटा वाटला तर धूळ तरी बघा, असा माझा तोरा.

अधिष्ठात्यांनी, म्हणजे आमच्या डीनसाहेबांनी, समितीत नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. त्यांना त्या कोपऱ्यात सरावाचे पुतळे ठेवायचे होते. नवे आणले होते, डोळे उघडझाप करणारे, खोकणारे. ते खोक्यांमध्ये पडून होते, कारण जागा नव्हती. डीन म्हणाले, “वाचायला कुणी नाही, तर तीनशे पुस्तकं दूरच्या गोदामात जाऊ द्यात. आणि मॅडम, वाचतच नसतील तर हा अभ्यासक्रम तरी कशाला चालवायचा? मान्यतेसाठी विषयाची पुस्तकं खुल्या रॅकवर असावी लागतात. ती नाहीत म्हणजे पुढच्या वर्षीपासून प्रवेश बंद. एका दगडात दोन पक्षी.”

मी मान डोलावली. खरं सांगते, डोलावली. अहवाल माझा होता ना!

चार दिवसांनी मास्तर काउंटरवर आले. हात पाठीमागे धरून उभे राहिले. मी संगणकात डोकं घालून होते. त्यांनी खाकरलंसुद्धा नाही, माझं लक्ष जाईपर्यंत उभेच.

“काय हवंय?” मी विचारलं. माझं ‘काय हवंय’ जरा जोरात येतं, पहिल्यापासून.

“मॅडम, ती पुस्तकं जाणार असं ऐकलं. जायच्या आधी थोडी चित्रं काढून घेऊ का? गुडघ्याखालच्या साच्याची. सात-आठ पानं होतील.”

“दोन वर्षांत हात लावला नाहीत, आणि आता चित्रं काढायची आठवण झाली?”

ते म्हणाले, “बरं.” आणि गेले.

बरं! माणूस भांडतो, तणतणतो, निदान तोंड वाकडं करतो. हा बाबा ‘बरं’ म्हणून गेला. मला उगाच चुकल्यासारखं झालं आणि त्याचाही रागच आला. नाकावर राग, असं आमच्या घरात माझ्याबद्दल म्हणतात. नाकावर नाही हो, सगळीकडेच आहे.

पुस्तकं हलवायची तर प्रत्येकावर ‘गोदाम’ असा शिक्का मारावा लागतो. मावशींना घेऊन मी रॅकपाशी गेले. मावशी आमच्याकडे वीस वर्षं आहेत. झाडलोट त्याच करतात, पुस्तकं त्याच लावतात, आणि माझ्यापुढे न घाबरता बोलणारी संस्थेतली एकमेव व्यक्ती त्याच. मी कप्प्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

“मावशी, किती धूळ ही! महिन्याभरात फडकं फिरलेलं दिसत नाही इथे.”

मावशींनी बादली खाली ठेवली. “बाई, दर सोमवारी पुसते. कंबरडं मोडतं माझं या एका रॅकपायी. आणि ही धूळ नव्हे.”

“मग काय आहे?”

“प्लॅस्टर. ओल्या फडक्यानं पुसायला गेलं की चिकट होतं, आणि वाळलं की खरवडावं लागतं. धूळ काय अशी करते?”

मी एक पुस्तक ओढलं. जाडजूड, उरलेला पाय ज्या वाटीत बसतो त्या वाटीच्या आकारांवरचं. उघडलं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पांढरा अंगठा. पुढच्या पानावर दुसरा, जरा लहान. एका आकृतीच्या कडेकडेनं पांढरी रेघ गेलेली, कुणीतरी बोट फिरवत वाचलं होतं. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. एकही कोरं नव्हतं. अभ्यासाच्या पुस्तकांवर चहाचे डाग बघितलेत मी, तेलाचे बघितलेत, एकदा तर चिकटलेला दात घासायचा ब्रशही बघितलाय. पण इतके हात लागलेली पुस्तकं या इमारतीत दुसरी नाहीत.

“मग ही टेबलावर का सापडत नाहीत?” मी स्वतःशीच बोलले.

मावशी हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. “टेबलावर कशी सापडतील? तुम्हीच बसू देत नाही ना त्यांना.”

आणि मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी वाचनालयात नव्या खुर्च्या आल्या होत्या, निळ्या कापडाच्या. त्यासाठी मी पाच वर्षं अर्ज केले होते. तिसऱ्याच दिवशी कार्यशाळेतली मुलं प्लॅस्टरचे साचे ओतून आली, ॲप्रनसकट बसली आणि उठली तेव्हा सहा खुर्च्यांवर पांढरे शिक्के. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज जिन्याखालपर्यंत गेला होता एवढं मला नंतर सांगितलं गेलं. ‘तुमच्यातल्या कुणी खुर्चीला, टेबलाला हात लावायचा नाही, पुस्तक जिथलं तिथे ठेवायचं आणि चालू लागायचं,’ असं काहीसं. एक नकाशासारखं मोठं पुस्तक कार्यशाळेतून खराब होऊन आलं तेव्हा घरी न्यायलाही बंदी घातली. तेव्हाची मुलं शिकून गेली. पण त्यांनी पुढच्यांना सांगितलं, त्यांनी त्यापुढच्यांना. आता जी मुलं होती त्यांना मी कधी ओरडलेही नव्हते. तरी ती रॅकच्या बोळकांडीत उभ्यानं वाचत होती आणि पुस्तक होतं तिथे, होतं तसं लावून जात होती. मावशी रोज बघत होत्या.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत का?” मावशी म्हणाल्या. “तुम्ही आकडे विचारले, मी आकडे दिले.”

कर्म माझं! मीच बसायला बंदी करायची, आणि मीच लिहायचं की कुणी बसत नाही.

तशीच डीनकडे गेले. सगळं नाही सांगितलं. ‘पानांवर पांढरे अंगठे दिसतायत, मोजणीत त्रुटी राहिली असावी’ एवढंच बोलले. डीन माणूस वाईट नाही, पण घाईतला आहे. म्हणाले, “मॅडम, आकड्यानं ठरलेली गोष्ट आकड्यानंच बदलेल. पांढरे अंगठे मी समितीला काय दाखवू? पंधरवड्यानं बैठक आहे. तोवर नवीन मोजणी आणा. नाहीतर अभ्यासक्रमाच्या बंदीचा ठराव पुढे जाईल. आणि मास्तरांना भांडारात बसवायचं ठरलंय. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या यांची नोंद ठेवायला माणूस हवाच आहे.”

पाय घडवणारा माणूस कुबड्या मोजत बसणार. घरी येताना हेच डोक्यात होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं कुठे कुठे जाऊन पाय बनवतात. नवीन तयार झाली नाहीत, तर मास्तरांच्या पश्चात ते काम करणारं आमच्याकडे कुणी उरत नाही. आणि हे सगळं माझ्या एका सहीवर.

नवीन मोजणी म्हणजे काय करायचं? मुलांना बोलावून ‘या, बसा, टेबलावर ठेवा’ म्हटलं असतं तर त्यांनी भीतीपोटी रोज पन्नास पुस्तकं टेबलावर आणून रचली असती. ती मोजणी नाही, तो तमाशा. कुणाला न कळता मोजायला हवं होतं. त्यासाठी आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक पुस्तकाच्या वर अलगद एक चिठ्ठी खोचायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. पुस्तक ओढलं की चिठ्ठी पडते. संध्याकाळी पडलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या.

जुन्या तक्त्यांची जाड कार्डं माळ्यावर पडून होती. मावशींनी आणि मी ती कापली, तीनशे अठरा पट्ट्या. सवयीनं मी प्रत्येक पट्टीवर त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहिला. गरज नव्हती, पण रिकामी चिठ्ठी माझ्याच्यानं बघवत नाही. रविवारी, ग्रंथालय बंद असताना, सगळ्या खोचल्या. मोजणी संपेपर्यंत या रॅकला फडकं लावायचं नाही, असं मावशींना बजावलं.

सोमवारी संध्याकाळी गेले. एकही पडलेली नाही. मंगळवारी एकही नाही. बुधवारी एक, तीही पंख्यानं उडाली असावी. मी मावशींना खोदून विचारलं, “आली होती का मुलं?” मावशी म्हणाल्या, “आली की. रोज येतात. आजही सात-आठ होती.” मग चिठ्ठ्या कशा पडत नाहीत? हवेत पुस्तक वाचतात का? दहा दिवस गेले. दहा दिवसांत पडलेल्या चिठ्ठ्या: दोन.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी गेले ती तोंड पाडूनच. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. जुन्या मोजणीत चार वाचनं होती, नव्या मोजणीत दोन!

घरी आमचे हे आरामखुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. हे शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त. समोरच्या स्टुलावर वर्तमानपत्र घडी घालून, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेलं.

“दिवसभर काय केलंत? पेपरसुद्धा उघडला नाहीत?” मी चप्पल काढता काढता म्हटलं.

“उघडला. अग्रलेखापासून हरवले-सापडलेपर्यंत सगळा वाचला.”

“मग हा असा कोरा कसा?”

“तू यायच्या आधी घडी घालून ठेवतो. पसारा दिसला की तू सुरू होतेस. तीस वर्षं झाली की या गोष्टीला. मुलगीसुद्धा तसंच करायची. तिच्या आवरून ठेवलेल्या वह्या बघून तुला वाटायचं पोरगी अभ्यासच करत नाही.”

मी एका पायात चप्पल तशीच ठेवून जमिनीवर बसले. यांना वाटलं चक्कर आली. पाणी आणायला उठले.

“अहो, पाणी नको,” मी म्हटलं. “मी फार वाईट आहे का हो?”

हे उभेच राहिले, पेला हातात. मग जरा विचार करून म्हणाले, “वाईट नाहीस. पण तू घरी आलीस की घर आवरलेलं असतं, एवढं खरं.”

त्या रात्री जेवण गेलं नाही. रागानं नाही, लाज वाटली म्हणून.

सकाळी आठलाच ग्रंथालयाचं कुलूप उघडलं. मावशींना लवकर यायला सांगितलं होतं. रॅकपाशी गेलो आणि मी पहिलं पुस्तक काढलं. चिठ्ठी होती जागेवर, अर्धी आत, अर्धी बाहेर, मी खोचलेली तशी. चिठ्ठीवरचा क्रमांक वाचला, पुस्तकावरचा वाचला. वेगळा! दुसरं पुस्तक, बरोबर. तिसरं, वेगळा. चौथ्याच्या चिठ्ठीवर पांढरं बोट.

“मावशी, अहो, पडलेल्या चिठ्ठ्या परत खोचल्यात यांनी!”

“मग काय करतील?” मावशी म्हणाल्या. “खाली कागद पडलेला तुम्हाला चालतो होय?”

साडेतीन तास आम्ही दोघी एकेक पुस्तक बघत होतो. तीनशे अठरांपैकी एकशे चार चिठ्ठ्या चुकीच्या पुस्तकात होत्या. म्हणजे दहा दिवसांत निदान एकशे चार वेळा पुस्तकं हलली होती. ज्यांनी चिठ्ठी क्रमांक बघून बरोबर खोचली असेल ती वेगळीच. बालरोगाच्या रॅकचंही दहा दिवसांत एवढं होत नाही. मी तिथेच, त्या बोळकांडीत जमिनीवर बसले आणि रडले. मावशींनी ढकलगाडी आडवी लावली, म्हणजे कुणी बघायला नको.

दुपारी तीनला बैठक. लांबट टेबल, डीन मधोमध, बाजूला चार विभागांचे प्रमुख, टोकाला इतिवृत्त लिहिणारा लेखनिक. मी चिठ्ठ्या मांडल्या, तक्ता मांडला, एकशे चार हा आकडा सांगितला. चिठ्ठ्या परत खोचल्या गेल्या हेही सांगितलं. का खोचल्या ते मात्र सांगितलं नाही.

डीननी तक्ता बघितला. “मॅडम, चिठ्ठ्या साफसफाईत पडल्या असतील. झाडणाऱ्या बाईंनी उचलून कुठेही खोचल्या असतील. हे वाचन कशावरून?”

“मास्तरांना विचारा,” मी म्हटलं. मला वाटलं, माझ्या तोंडून नको, त्यांच्या तोंडून येऊ दे. सुटले मी. इतकी भित्री निघाले.

मास्तरांना बोलावलं. ते आले ते ॲप्रन काढून, हात धुऊन. नखांच्या कडा तरी पांढऱ्याच होत्या. खुर्ची रिकामी होती, ते बसले नाहीत.

डीन म्हणाले, “मास्तर, वाचून झालेलं पुस्तक टेबलावर ठेवायचं, अशी पाटी आहे. तुमची मुलं वाचत असतील तर पुस्तकं टेबलावर का सापडत नाहीत? कुणी अडवलं होतं का?”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्या नजरेत तक्रार असती तर मला सोसली असती. ती नव्हती. मला सांभाळून घ्यायचं, हे त्या माणसाच्या मनात आलेलं मला स्पष्ट दिसलं.

“नाही सर,” ते म्हणाले. “कुणी अडवलं नाही. आमचं काम उभ्यानंच असतं, त्यामुळे उभ्यानंच बरं पडतं. पाटीकडे लक्ष गेलं नाही. आमचीच चूक.”

“दिवसाला साधारण किती पुस्तकं काढता?”

“असं काही मोजलं नाही. एखाद-दुसरं.”

“एखाद-दुसरं?”

“कमीच असेल, सर.”

डीननी पेन खाली ठेवलं. “म्हणजे अहवाल फारसा चुकीचा नाही.”

“नसेल,” मास्तर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या अभ्यासक्रमावर पाणी सोडत होता हा माणूस, कशासाठी, तर माझी अब्रू जाऊ नये म्हणून!

“खोटं बोलू नका, मास्तर!” मी ओरडले. सगळे दचकले. लेखनिकाचं पेन निसटलं. “काय एखाद-दुसरं? अंगठ्यांचे ठसे मोजू का मी इथे बसून? पाटीकडे लक्ष गेलं नाही म्हणे! सर, पाटी यांच्यासाठी नव्हतीच. मी यांना तीन वर्षांपूर्वी हाकललं होतं. खुर्चीला हात लावू नका म्हटलं, टेबलाला हात लावू नका म्हटलं, पुस्तकं घरी न्यायची नाहीत म्हटलं. खुर्च्यांसाठी! ही मुलं उभ्यानं वाचतात आणि मी यायच्या आत सगळं होतं तसं लावून ठेवतात. मी खोचलेली चिठ्ठी पडली तर ती उचलून ठेवतात, कारण कागद पडलेला दिसला तर मी काय करीन याची त्यांना धास्ती आहे. मी त्यांना मोजत होते आणि ती माझ्यापासून लपत होती. आणि जिला मी धूळ लिहिलं ते यांच्या हातांचं प्लॅस्टर आहे. अहवाल चुकीचाच आहे. माझा आहे आणि चुकीचा आहे.”

बालरोगाच्या प्रमुखबाई टेबलाकडे बघत होत्या. मला वाटतं, ओरडा त्यांनीही खाल्लेला होता कधीतरी.

डीन सावकाश म्हणाले, “अहवाल ग्रंथपालांनी मागे घेतला तर बंदीचा ठराव आपोआप रद्द होतो. पण मागे घ्यायचं कारण लिहावं लागतं. हे इतिवृत्त मान्यता देणाऱ्यांकडे जातं, आणि एक प्रत तुमच्या सेवापुस्तकात. ‘तांत्रिक कारणामुळे’ लिहूया का? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि त्यांनी विचारलं, कोणतं तांत्रिक कारण, तर?” मी म्हटलं. “बारकोडचं यंत्र तपासायला माणूस पाठवतील. यंत्र तर ठणठणीत आहे. चौकशी होईतो प्रवेशाची मुदत जाईल, आणि या वर्षीची बारा मुलं गेली ती गेलीच.”

“मग ‘ग्रंथालयाच्या शिस्तीमुळे’ लिहू. ते खोटंही नाही.”

मला मोह झाला. सांगायला हरकत नाही, फार झाला. दोन वर्षं उरलीत नोकरीची. शिस्त हा शब्द चांगला आहे, माझ्या निरोपसमारंभात कुणीतरी वापरलाच असता.

“शिस्तीनं कुणी चिठ्ठ्या परत खोचत नाही, सर,” मी म्हटलं.

लेखनिकानं वर बघितलं. “मॅडम, मग काय लिहू?”

“भीती लिहा.”

“मॅडम, एवढं नको,” मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

“तुम्ही गप्प बसा, मास्तर.” आणि मग, आधी म्हणायला हवं होतं ते, “आणि खरंच बसा. उभे का आहात?”

ते बसले, खुर्चीच्या अगदी कडेला.

लेखनिकानं लिहून मोठ्यानं वाचलं: “एकोणिसाव्या रॅकमधील पुस्तकांचे वाचन नियमित होते. ग्रंथपालांच्या भीतीमुळे वाचक ते लपवीत असल्याने त्याची नोंद झाली नाही. सबब ग्रंथपाल अहवाल मागे घेत आहेत.”

त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं लिखाण तपासलंय, कुठे ना कुठे लाल रेघ ओढल्याशिवाय कागद हातावेगळा केलेला नाही. हा दोनदा वाचला. बदलावं असं काही सापडलं नाही. मी सही केली.